क्लेच्या बैलाचा पाय पुन्हा पुन्हा का तुटतो?

पाय तुटला की तुकडा फेकू नका आणि लगेच चिकटवूही नका. आधी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरा. तुटलेल्या जागेचं तोंड कसं दिसतं ते नीट बघा. गुळगुळीत आहे, भुसभुशीत आहे, की पापुद्रे सुटलेत? पॉलिमर क्लेच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून पक्की होणाऱ्या क्लेच्या, छोट्या प्राण्यांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: "ताई, पाय तुटतोय, कोणता गम लावू?" पण गम हे त्याचं उत्तर नाही. गमने जोडलेला पाय महिन्याभरात त्याच जागी नाही तर शेजारी तुटतो, कारण मूळ दोष तसाच राहतो.

मी नागपूरची. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन मुलं दारोदार जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं. त्या नंदीसारखी, पण मुठीत मावेल अशी बैलजोडी करायची म्हणून मी क्ले हातात घेतली. गवळाऊ बैल, म्हणजे पांढरा, सडपातळ, उंच पायांचा. पहिल्या वर्षी ११ जोड्या केल्या आणि शेजारपाजारच्या मुलांना दिल्या. दिवाळीपर्यंत ४ जोड्यांचे पाय गेले होते. एका लहान मुलीने तीन पायांचा बैल रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणला आणि "याला बरं कर" म्हणाली. त्या दिवसापासून मी प्रत्येक तुटलेला पाय जपून ठेवायला लागले. पुढे काय चुकतं ते मला त्या पायांनीच शिकवलं.

तुटलेलं तोंड वाचायचं कसं

पाय मांडीपासून अख्खाच्या अख्खा निघून आला आणि पोटावर त्याची गुळगुळीत खोबण राहिली, तर सांधा धरलेलाच नव्हता. क्ले भाजली गेली असेल, पण पाय आणि पोट एकजीव झाले नव्हते.

पाय मध्येच तुटला, तोंड कोरडं आणि रवाळ दिसतं, नखाने खरवडलं की शिळ्या बिस्किटासारखा भुगा पडतो, तर क्ले कच्ची राहिली आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या प्राण्यांमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त आहे. खात्री करायची असेल तर धारदार ब्लेडने तुटलेल्या टोकाची पातळ कापटी काढून बघा. नीट भाजलेल्या क्लेची कापटी पेन्सिलीला टोक करताना निघते तशी वळत निघते. कच्चीची नुसती पूड होते.

पाय उभा चिरला, कांद्यासारखे पापुद्रे सुटले, तर मळण्यात किंवा वळी वळण्यात चूक आहे. तुटलेल्या तोंडावर बारीक कडक दाणे दिसले, तर क्ले तुमच्या हातात येण्याआधीच उन्हाने खराब झाली असणार. आणि पाय तुटण्याआधी चांगला वाकला, मग गुडघ्यापाशी सगळ्यात बारीक जागी गेला, तर भाजणं बरोबर होतं. तिथे घडण बदलायला हवी.

एका प्राण्यात दोन-तीन कारणंही एकत्र असू शकतात. तसं दिसलं तर भाजण्यापासून सुरुवात करा. कच्च्या क्लेवर बाकी काहीही केलं तरी टिकत नाही.

ही माती नाही

आपल्यापैकी बहुतेकींचा हात आधी कणकेवर आणि मग शाडूवर बसलेला असतो. तिथल्या सवयी इथे नडतात, म्हणून हे थोडं सविस्तर सांगते.

शाडूची माती पाण्याने मऊ होते, पाणी उडालं की वाळते. तिथे हात ओला करायचा, सांध्याला पातळ चिखल लावायचा, दोन्ही बाजू खरवडून दाबायच्या. पॉलिमर क्लेमध्ये पाण्याचा थेंबही नसतो. ती म्हणजे पीव्हीसीची अतिबारीक पूड, तिला मऊ ठेवणारा तेलासारखा द्रव म्हणजे प्लास्टिसायझर, थोडी भुकटी आणि रंग. पुरेशी उष्णता मिळाली की पीव्हीसीचे कण हा द्रव शोषून फुगतात आणि एकमेकांत वितळून जुळतात. ती वाळत नाही, जुळते. उष्णता कमी पडली तर कण एकमेकांना नुसते टेकून राहतात. बाहेरून कडक लागतं, रंग सुंदर दिसतो, आणि पाय मात्र खडूसारखा मोडतो.

यातूनच दोन गोष्टी लक्षात येतात. एक, सांध्याला पाणी लावलं तर ते दोन पृष्ठभागांमध्ये बसून राहतं, जुळू देत नाही, वर भट्टीत त्याची वाफ होते. दुसरी, आमच्या नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात आठ दिवस ठेवला तरी बैल पक्का होणार नाही. "गच्चीवर वाळवला" असं मला दोघीतिघींनी सांगितलं आहे. पाण्यात उकळणंही पुरत नाही, कारण पाणी १०० अंशांवर थांबतं. कढईत मीठ घालून केक करतो तसं करू का, हाही नेहमीचा प्रश्न. करू नका. मिठाची कढई किती तापली हे आपल्या हातात राहत नाही, आणि क्ले जळली तर तिच्यातून घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. मायक्रोवेव्हच्या लहरींवरही नाही. त्याच यंत्रात कन्व्हेक्शन असेल, तर फक्त त्या मोडवर.

दुकानात "क्ले" म्हणून मिळणारं सगळंच पॉलिमर नसतं, हेही बघून घ्या. हलकी, फुगीर, उघडी ठेवली की आपोआप सुकणारी क्ले वेगळी. घरी गम आणि मक्याच्या पिठाची करतात ती वेगळी. पाकिटावर भाजण्याचं तापमान आणि मिनिटं छापली नसतील, तर पुढचं काही त्या वस्तूला लागू नाही.

पांढरा बैल पिवळा पडेल या भीतीने

आता मूळ कारणाकडे. आपण कमी भाजतो ते बहुधा आळसाने नाही, भीतीने. पांढरा बैल एकदा तरी पिवळा किंवा तपकिरी होऊन बाहेर आलेला असतो. पुढच्या वेळी आपण ओटीजीचा, म्हणजे घरातल्या छोट्या ओव्हनचा, खटका थोडा मागे घेतो, तीसऐवजी पंधराच मिनिटं ठेवतो. रंग वाचतो, पाय जातो. माझं पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं.

क्ले जळते ती तापमानाने, वेळेने नाही. हे वाक्य मी माझ्या ओटीजीवर चिकटवून ठेवलं आहे. योग्य तापमानाला अर्ध्या तासाऐवजी तासभर ठेवलेला बैल जळत नाही, उलट जास्त मजबूत होतो. पांढऱ्या आणि पारदर्शक क्लेवर थोडी पिवळसर छटा येऊ शकते, पण खरा करपा येतो तो तापमान मर्यादेपलीकडे गेल्यावर. ते थोड्याच मिनिटांसाठी गेलं तरी करपतं.

प्रत्येक ब्रँडच्या क्लेचं तापमान वेगळं. फिमोच्या पाकिटावर ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं असतात. प्रीमोला १३० अंश लागतात, आणि तिथे दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं धरायची. सेर्निट ११० ते १३०मध्ये होते. कॅटो त्याहून वर, १५०च्या आसपास. दोन प्रकारच्या क्ले एकाच प्राण्यात वापरल्या तर दोघींना सोसेल असं तापमान निवडा आणि वेळ वाढवा. जाडी मोजायची ती सगळ्यात जाड जागी, म्हणजे बैलाच्या पोटाची. ६ मिलिमीटरचा पाय अर्ध्या तासात झाला तरी आतून भरीव, दीड सेंटिमीटर जाडीचं पोट झालेलं नसतं, आणि पाय जिथे रुततो ती जागा पोटातच असते. म्हणून भरीव पोटाच्या माझ्या बैलाला मी सव्वा ते दीड तास देते.

आता ओटीजीबद्दल. खटक्यावर १०० आणि १५० लिहिलेलं असतं, १३० आपण अंदाजाने लावतो. त्या अंदाजावर विसंबू नका. ओव्हनचा वेगळा थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. पॉलिमर क्लेसाठी एकच वस्तू विकत घ्यायची ऐपत असेल तर हीच घ्या, हत्यारांचा संच नंतर. मी पहिल्यांदा थर्मामीटर आत ठेवला तेव्हा खटका १३०वर होता. काटा आधी १६५पर्यंत उसळला, रॉड बंद झाले, तापमान १०५पर्यंत घसरलं, मग पुन्हा रॉड लाल. लहान ओटीजी असाच चढ-उतार करत चालतो, कारण आतला धातूचा पट्टा तापून वाकला की रॉड बंद होतात आणि थंड झाला की पुन्हा लागतात. बैलाचं वशिंड आणि शिंगं वरच्या रॉडच्या जवळ असतात, त्यांना लाल रॉडची सरळ झळ बसते. म्हणून एकाच बैलाची शिंगं करपलेली आणि पाय कच्चे निघतात. दोष एकच असतो, पण दिसतो दोन टोकांना.

मी करते ते असं. ट्रेवर बाथरूमची एक जुनी चकचकीत सिरॅमिक फरशी ठेवते. फरशी उष्णता धरून ठेवते, त्यामुळे चढ-उतार सौम्य होतो. फरशीवर साधा कोरा कागद, म्हणजे पायाच्या तळव्यांना चकाकी येत नाही. या तापमानाला कागद पेटत नाही, फक्त रॉडला लागू देऊ नका. बैलावर ॲल्युमिनियम फॉइलची तंबूसारखी झाकणी, त्याला कुठेही न टेकणारी. याने सरळ झळ अडते, आणि माझा पांढरा रंग वाचला तो याच एका गोष्टीने. थर्मामीटरही त्या तंबूच्या आत, बैलाच्या शेजारी. रिकामा ओटीजी फरशीसकट २० ते २५ मिनिटं तापवते, काटा स्थिरावला की मगच बैल आत. मिनिटं मोजायची ती बैल आत ठेवून काटा पुन्हा जागेवर आल्यापासून. ओटीजीमध्ये खालचा-वरचा रॉड निवडायची सोय असेल तर फक्त खालचा लावून बघा, आणि पंखा असेल तर चालू ठेवा.

मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. क्ले खराब होत नाही. लाइट आली की पुन्हा तापवून पूर्ण वेळ द्या. भाजून झालेला, थंड झालेला, अगदी सहा महिन्यांपूर्वीचा प्राणीसुद्धा पुन्हा भाजता येतो. कच्च्या राहिलेल्या जुन्या खेळण्यांसाठी हा मोठाच दिलासा आहे.

ओटीजीतून काढल्या काढल्या पाय दाबून बघू नका. गरम असताना नीट भाजलेली क्लेसुद्धा मऊ, रबरासारखी असते आणि तिची खरी ताकद पूर्ण थंड झाल्यावर येते. मी बंद ओटीजीतच दार थोडं उघडून बैल थंड होऊ देते. जाड पोटाच्या प्राण्याला एकदम पंख्याखाली आणलं तर बाहेरचा थर आधी आवळतो आणि पोटावर किंवा मानेपाशी भेग पडते.

आणि पट्टी. प्रत्येक नव्या पाकिटाची २ मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब पट्टी बैलासोबतच भाजा. थंड झाल्यावर ती धनुष्यासारखी वाकवा. वाकून परत आली, तर भाजणं बरोबर झालं. कट्कन मोडली, तर तापमान किंवा वेळ कमी पडला, पुन्हा भाजा. पूर्ण वेळ आणि योग्य तापमान देऊनही मोडतच राहिली, तर ती क्ले जातीनेच ठिसूळ आहे. लहान मुलांच्या हाताला सोपी म्हणून फार मऊ केलेल्या काही क्ले अशा असतात. त्यांची बसलेली मांजर, कासव, गोगलगाय छान होते. उंच पायांचा बैल किंवा हरीण त्यांचं करू नका.

ओटीजी शक्यतो क्लेसाठी वेगळा ठेवा. स्वयंपाकाचाच वापरायचा असेल तर झाकलेल्या ट्रेत भाजा, सोबत खाण्याचं काही ठेवू नका, आणि नंतर आतून पुसून घ्या. कधी करपल्याचा उग्र वास आला तर लगेच बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर जा. ओटीजी थंड होईपर्यंत उघडू नका.

सांधा

इथे माझा एक दोष मला फार उशिरा सापडला. एप्रिल-मेमध्ये हाताला घाम येतो, क्ले बोटांना चिकटते, म्हणून मी तळहाताला टाल्कम पावडर लावायचे. पाय वळायचे, ओळीत मांडायचे, मग पोटाला जोडायचे. पाय सुरेख दिसायचे आणि महिन्याभरात अख्खे निघून यायचे. एकदा निघालेल्या पायाचं तोंड भिंगाखाली धरलं तेव्हा त्यावर पावडरीचा पांढरा लेप दिसला. पुरी एकमेकींना चिकटू नये म्हणून आपण पीठ लावतो ना, मी अगदी तेच सांध्याला करत होते. मक्याचं पीठ, हाताचं क्रीम, खोबरेल तेल, सगळ्यांचा परिणाम तोच. आता काम सुरू करण्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करते. फार उकडत असेल तर वळलेले पाय दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते, झाकणाच्या डब्यात, म्हणजे त्यांच्यावर दव बसत नाही. डबा बाहेर काढल्यावरही लगेच उघडायचा नाही, खोलीइतका गार-गरम होऊ द्यायचा.

सांध्यासाठी पाय नुसता पोटाखाली टेकवू नका. खऱ्या बैलाकडे बघा. त्याचा मागचा पाय पोटाखालून सुरू होत नाही, मांडी कुशीवर चढलेली असते. क्लेमध्येही पायाचं वरचं टोक चपटं आणि रुंद ठेवा, कुशीवर तिरपं बसवा आणि कडा पोटात विरघळवून टाका. टाचणीने दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा मारा, शाडूला मारतो तशाच. ती सवय इथे चालते. रेघांवर पाण्याऐवजी लिक्विड पॉलिमर क्लेचा, म्हणजे भाजल्यावर पक्की होणाऱ्या पातळ क्लेचा, अगदी पातळ हात. जास्त लावली तर सांधा घसरतो. दोन्ही बाजू ताज्या, मऊ आणि स्वच्छ असतील तर तिच्याशिवायही भागतं. एक बाजू आधीच भाजलेली असेल तर मात्र ती लागतेच.

पाय लांब आणि बारीक असेल तर तार घाला. ५ ते ६ सेंटिमीटर उंचीच्या बैलाला मी २० किंवा २२ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याची उघडी तार घेते, दुहेरी पिळते आणि उलट्या यू आकारात वाकवते. पुढच्या दोन पायांना एक, मागच्या दोघांना एक, मधला भाग पोटातून जातो. मग जोर सांध्यावर न येता तारेवर येतो. क्ले तारेला चिकटत नाही, म्हणून तार गुळगुळीत नको. पिळल्यावर क्ले त्या पिळात अडकते. तारेभोवती सगळीकडून पुरेशी जाड क्ले राहू द्या, नाहीतर भाजताना पाय उभा फाटतो. टूथपिक सोयीची वाटते, पण लाकडात ओलावा असतो, विशेषतः पावसाळ्यात. घालायचीच असेल तर आधी ओटीजीत अर्धा तास वाळवून घ्या.

बैल भाजताना स्वतःच्या पायांवर उभा ठेवला तर पाय बाहेर फाकतात, कारण गरम क्ले मऊ होते आणि पोटाचं सगळं ओझं तिच्यावर येतं. फाकलेला पाय दिसतो थोडाच वाकडा, पण सांध्यात बारीक चीर पडलेली असते. पोटाखाली कागद गुंडाळलेली फॉइलची उशी द्या, पायांना ओझं जाणवणार नाही इतकी उंच.

मळणं

थोडक्यात सांगते. पाकिटातून काढलेली क्ले मऊ लागली तरी मळायचीच, कारण पडून राहिल्यावर तिच्यातला द्रव सगळीकडे सारखा राहत नाही. जाडसर पोळी करून घडी घाला. घडीच्या काठावर चिरा पडल्या तर अजून मळा. पाय वळताना क्लेची घडी तशीच आत ठेवून वळी करू नका. ती घडी आत शिवणीसारखी राहते आणि पाय पुढे तिथेच उभा चिरतो. आधी घट्ट गोळा करा, भेगा नाहीशा होऊ द्या, मगच वळी. मळताना हवा कोंडली किंवा हात ओले असले तर भाजल्यावर चंद्रकोरीसारखे फिकट डाग दिसतात. त्याने पाय तुटत नाही, पण गडद रंगाच्या बैलावर ते फार खुपतात.

उन्हात शिजलेलं पाकीट

विदर्भात राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मी एकदा मे महिन्यात क्ले मागवली. पाकीट दोन-तीन दिवस कुठेतरी पत्र्याखाली पडून आलं असावं. बाहेरून मऊ होती, मळताना मात्र आत कडक खडे लागत होते. मी ते चिरडून मळत राहिले आणि त्या क्लेचे सगळे पाय गेले. पाकिटातली क्ले नुसती गरम झाली तरी काही भाग अर्धवट जुळायला लागतो, आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. आता पाकीट आलं की ब्लेडने कोपरा कापून बघते. काप गुळगुळीत असेल तर ठीक. नुसती कोरडी, चुरा होणारी असेल तर क्ले सॉफ्टनरचे एक-दोन थेंब घालून ती बहुतेक वेळा सुधारते. कडक दाणे असतील तर ती पायांना वापरत नाही, बैलाखालच्या खडकाला किंवा मातीच्या ढेकळांना वापरते, तिथे दाणे शोभून दिसतात. मार्च ते जूनची क्ले मी फेब्रुवारीतच घेऊन ठेवते, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात. कागदात गुंडाळत नाही, कारण कागद द्रव शोषून घेतो. ठिसूळ, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतही नाही, कारण क्ले तिला चिकटते आणि विरघळवते. दूध किंवा भाजीच्या साध्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवली तरी चालते.

पोट हलकं करा

५ सेंटिमीटरच्या वरचा बैल आतून भरीव करू नका. फॉइलचा गोळा हातोडीने ठोकून अगदी घट्ट करा आणि त्यावर सगळीकडून सारखा, ५ ते ६ मिलिमीटरचा थर द्या. क्ले वाचते, भाजायचा वेळ कमी होतो आणि पायांवरचं ओझं घटतं. गोळा सैल असेल तर आतली हवा तापून पसरते आणि पोट फाटतं. मी फॉइलवर आधी पातळ थर देऊन तो भाजून घेते, मग त्यावर बैल घडवते. याने वेळ जास्त जातो, पण माझ्या मोठ्या बैलांच्या पोटाला भेगा पडणं थांबलं ते यानेच.

आधीच तुटलेल्याचं काय

इन्स्टंट ग्लू नको. तो पटकन धरतो, पण त्याचा सांधा काचेसारखा ठिसूळ असतो, आणि पुन्हा भाजायची वेळ आली तर उष्णतेत कमजोर होतो. आधी कोणी लावला असेल तर ब्लेडने पूर्ण खरवडून काढा.

क्ले कच्ची होती असं कापटीने सांगितलं असेल, तर सगळ्यात आधी बैल आणि तुटका पाय दोन्ही, वेगवेगळे, पूर्ण वेळ पुन्हा भाजा. कच्च्या क्लेत भोक पाडायला गेलात तर ती आणखी तुटेल. भाजण्याआधी सजावट तपासा. काचेचे मणी आणि ॲक्रिलिक रंग चालतात. प्लास्टिकचे मणी, टिकल्या, कापडी झूल, गोंडे काढून घ्या. नेलपॉलिश लावलं असेल तर ते मुळातच चुकीचं. त्यातल्या द्रावकाने क्ले चिकट होते आणि चिकटच राहते.

थंड झाल्यावर दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने पायात आणि पोटात समोरासमोर भोक पाडा, प्रत्येकी सेंटिमीटरभर खोल. त्यात पिळलेली तार, तारेला आणि दोन्ही तोंडांना लिक्विड क्ले, मग पाय बसवा. सांध्याभोवती त्याच रंगाच्या ताज्या क्लेची बारीक वळी गुंडाळून दोन्हीकडे विरवा, मांडीची घडी वाटेल अशी. पोटाखाली उशी, वर तंबू, आणि पाकिटावरच्या तापमानाला अर्धा तास. शेपटी आणि कानासाठी हाच उपाय, फक्त तार २६ गेजची. शिंगाचं टोक उडालं असेल तर भोक पाडत बसू नका. उरलेलं शिंग थोडं खरवडून नव्या क्लेची टोपी घाला आणि भाजा, पोळ्याला शिंगांना शेंब्या चढवतात तशी. पिवळ्या क्लेची केली तर पितळी शेंबीच वाटते.

रुमालात आलेल्या त्या बैलाला मी असंच केलं. तो पाय अजून धरून आहे, आणि दर तान्ह्या पोळ्याला तो चाकांच्या पाटावर बसून आमच्या गल्लीतून जातो.